कादंबरीत नसलेलं डाळिंबाचं झाड

राग निवला की लिहावं, असं सगळे सांगतात. मी दोन वर्षं थांबून पाहिलं. निवत नाही. म्हणून आता लिहिते.

मी सोलापुरात एका मंगल कार्यालयाची व्यवस्थापक आहे. सात रस्त्यापासून चालत दहा मिनिटं. पाट किती, वाट्या किती, कोणत्या पंगतीला किती माणसं, हे सगळं माझ्या वहीत असतं. गेल्या हिवाळ्यात एका रविवारचं बुकिंग घेऊन एका शिकवणीचे मालक आले. त्यांचे गुरू प्रा. हरणखेडे पंचाहत्तर वर्षांचे झाले होते. त्यांचा सत्कार आणि त्यांच्या गाजलेल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीचं प्रकाशन, असा दुहेरी बेत होता. त्यांनी निमंत्रणपत्रिका माझ्या टेबलावर ठेवली. तिच्यावर लाल फुलांनी लगडलेलं डाळिंबाचं झाड छापलेलं होतं.

"पाहुण्यांना बुके नकोत, मॅडम," ते म्हणाले. "प्रत्येकाला डाळिंबाचं एकेक रोप देऊ. सरांच्या पुस्तकाचं ते प्रतीकच आहे ना!"

"किती रोपं?"

"दोनशे धरा."

मी वहीत लिहिलं, डाळिंबाची रोपं दोनशे. पण ते झाड खरं कुणाचं, हे त्या सभागृहात येणाऱ्या एकालाही ठाऊक नसणार होतं. ते झाड खैरुन्निसा नदाफ मॅडमचं होतं. त्यांनी ते लावलं, तेव्हा मी दुसऱ्या बाकावर बसले होते.

नदाफ मॅडम आम्हाला बी.ए.ला मराठी शिकवायच्या. मूळ गाव दुधनी. घरी बोलायचं दखनी, गल्लीत कानडी आणि वर्गात असं मराठी की मुलाखतीच्या वेळी संस्थेचे लोक नाव ऐकून एकमेकांकडे बघत राहिले होते म्हणे. वडील आणि आजोबा गाद्या भरायचे. भवानी पेठेत त्यांचं लहानसं दुकान होतं. "आजोबांनी कापूस पिंजला, अब्बांनी कापूस पिंजला, मी कादंबरी पिंजते," असं त्या पहिल्याच तासाला सांगायच्या आणि कुणी हसलं नाही तर स्वतःच हसायच्या.

अंगानं किरकोळ. मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूला. वेळ बघायची तर मनगट उलटं करावं लागे. परीक्षेत शेवटची पाच मिनिटं उरली की तसं मनगट उलटं करून त्या म्हणायच्या, "पाच मिनिटं. नावं लिहिली का सगळ्यांनी?" नवीन मुलींना वाटायचं, पेपरवर स्वतःचं नाव लिहिलं का, असं विचारतायत. जुन्या मुलींना माहीत असायचं, त्या कुणाच्या नावांबद्दल विचारतायत ते.

ते कळायला आधी कादंबरी सांगायला हवी. तिचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ते नाव हरणखेडे सरांच्या पुस्तकावर आहे आणि माझ्या हातून त्या पुस्तकाची जाहिरात व्हायला नको. कादंबरी जुनी, नावाजलेली, पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासाला असलेली. भागू आणि रामजी हे नवराबायको गाव सोडून नव्या रेल्वे जंक्शनवर येतात. तिथं खानावळ काढायची, एवढंच त्यांचं स्वप्न. जागा मिळते, चूल पेटते, पहिली पंगत उठते, मुलाला शाळेत घालतात. अर्ध्या कादंबरीपर्यंत वाचणारा त्यांच्याबरोबर आनंदात असतो. मग रामजीचा भाऊ शिवा एक कागद आणतो, परवान्याचा म्हणून वाचून दाखवतो आणि रामजीचा अंगठा घेतो. कागद असतो खानावळ शिवाच्या नावावर करून देण्याचा. मुलाला ताप येतो, वैद्य येत नाही, मूल जातं. रामजी रुळांकडेनं चालत निघून जातो, तो परत येत नाही. शेवटच्या प्रकरणात भागू त्याच खानावळीत भांडी विसळत असते. शिवा समोर येतो आणि ती त्याला क्षमा करते.

या पानावर सगळी महाराष्ट्रभरची मुलं रडतात आणि उत्तरात लिहितात, "नियतीने त्यांच्या स्वप्नांचा चुराडा केला."

नदाफ मॅडमच्या वर्गात हे चालायचं नाही. 'नियती' शब्द दिसला की त्या समासात लाल शाईनं एकच शब्द लिहायच्या. "पत्ता?"

"नियती राहते कुठं?" त्या विचारायच्या. "साखर पेठेत? की विजापूर रोडला? पत्ता नसलेल्या बाईवर तुम्ही खुनाचा आरोप करताय. अंगठा कुणी घेतला? शिवानं. लिहा, शिवा. वैद्य का आला नाही? पाहुणे जेवायला बसले होते म्हणून. लिहा, वैद्य. कागदावर शिक्का कुणी मारला? स्टेशनमास्तरनं, न वाचता. लिहा. स्वप्न आपणहून मोडत नसतं. कुणीतरी मोडतं आणि त्याला आईबापानं नाव ठेवलेलं असतं."

आमच्या वह्यांत त्यामुळे एक पान नेहमी असायचं. त्यावर शीर्षक, 'कुणी मोडलं?' खाली नावं आणि नावापुढे एका ओळीत, काय केलं. मला आयुष्यभर पुरलेली याद्यांची सवय त्या पानावरची आहे.

आणि भागूच्या क्षमेबद्दल? तिथं मॅडमचा लेखकावरच राग होता. "इतकी पानं हा माणूस माझ्या बाजूनं होता," त्या म्हणायच्या, "आणि शेवटच्या पानावर शिवाकडे जाऊन बसला. विसळलेलं पातेलं हातात आहे, समोर शिवाचं डोकं आहे, आणि ही बाई क्षमा करते! मी असते तर पातेल्याला पोचा आला असता."

ही नुसती वर्गातली गंमत नव्हती. आमच्यात पद्मा म्हणून एक मुलगी होती, यंत्रमागावर काम करणाऱ्या घरातली. परीक्षेच्या तोंडावर तिचा अर्ज आला, 'परिस्थितीमुळे शिक्षण सोडत आहे.' मॅडमनी अर्ज परत दिला. "परिस्थिती खोड. नाव लिही." पद्मा रडली, मग तिनं लिहिलं, 'वडील'. मॅडम तो अर्ज घेऊन संध्याकाळी तिच्या घरी गेल्या. मी त्याच गल्लीत खोली घेऊन राहायचे, म्हणून बरोबर होते.

पद्माच्या वडिलांनी अर्ज दोनदा वाचला. "म्हणजे मी काय वैरी हाय का पोरीचा?"

"ते मला कसं ठाऊक?" मॅडम म्हणाल्या. "लिहिलंय तिनं. कॉलेजच्या फायलीला लागेल. तुम्हाला बदल करायचा असेल तर आत्ता करा, मी थांबते."

आणि खरंच थांबल्या. मांडी घालून, पर्स मांडीवर घेऊन. आतून चहा आला, तो प्यायल्या. पाऊण तासानं त्या माणसानं अर्ज फाडला आणि म्हणाला, "परीक्षेपुरतं बसू दे. मग बघू." पद्मा पुढं बी.एड. झाली. शाळेत शिकवते.

मॅडमची दुसरी सवय मात्र त्यांच्यावरच उलटली.

त्या नोट्स लिहून द्यायच्या, सगळ्याच प्राध्यापकांसारख्या. पण दरवर्षी त्या नोट्समध्ये एक खोटी गोष्ट घालायच्या. कादंबरीत नसलेली. कधी भागूची एक बहीण, कधी रामजीची बासरी. ज्या मुलीनं कादंबरी खरंच वाचली असेल, ती उठून म्हणेल, मॅडम, हे पुस्तकात नाही. तिला बक्षीस म्हणून मॅडमच्या आईच्या हातची शेंगाचटणी, कागदात बांधून. कुणीच पकडलं नाही, तर शेवटच्या तासाला त्या स्वतः सांगायच्या, "अमुक ओळ खोडा. ती मी ढकललेली आहे. लाज वाटू द्या आणि आता तरी वाचा."

कादंबरीच्या चार प्रती त्यांनी स्वतःच्या म्हणून मुलींसाठी ठेवल्या होत्या. दुकानात उरलेल्या गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचं कव्हर घातलेल्या. वाचा म्हणून त्या हातात द्यायच्या. मी नेली आणि आठवड्यानं तशीच परत केली. माझं म्हणणं सोपं होतं. नोट्स असताना कादंबरी कशाला?

आमच्या वर्षी त्यांनी डाळिंब लावलं. "भागू खानावळीच्या दारात डाळिंबाचं रोप लावते. त्याला फुलं येतात, फळ धरत नाही. शेवटच्या प्रकरणात ते वाळलेलं दिसतं." मी हे सुवाच्य अक्षरात, लाल शाईनं अधोरेखित करून लिहून घेतलं. शेवटच्या तासाला मी नव्हते. अक्कलकोटजवळ आमच्या गावी बहिणीचा साखरपुडा होता. बाकीच्यांनी ती ओळ खोडली. माझ्या वहीत डाळिंब तसंच उभं राहिलं.

सुट्टी लागायच्या आधी हरणखेडे सरांनी मला बोलावलं. ते विभागप्रमुख. उंच, गोरे, बोलताना डोळे मिटणारे. "तुझी वही फार नीटनेटकी आहे म्हणे. आठवडाभर दे. विभागात कसं शिकवतात, मला बघायचंय." मला अभिमान वाटला. मी वहीला नवं कव्हर घालून दिली. ती आठ महिन्यांनी परत आली. मधल्या पानांवर चहाचा गोल डाग घेऊन.

त्या काळात मॅडमही एक पुस्तक लिहीत होत्या. कितीतरी वर्षं. त्याचं नाव होतं, 'कुणी मोडलं?' या कादंबरीतलं प्रत्येक स्वप्न आणि ते मोडणारा प्रत्येक हात. हातानं लिहिलेलं, एकच प्रत. झेरॉक्सच्या दुकानात ठेवलं की चार लोक वाचतात, म्हणून त्यांनी दुसरी काढली नव्हती. पुण्याच्या एका प्रकाशकानं होकार दिला होता. मुलींना कुठून कुठून ते कळलं होतं आणि आम्ही त्यांना 'लेखिका मॅडम' म्हणून चिडवायचो. त्या खोटं रागवायच्या आणि त्या दिवशी हमखास दोन मिनिटं आधी तास सोडायच्या. एवढाच त्यांच्या आनंदाचा पुरावा माझ्याकडे आहे.

पुढच्या वर्षी हरणखेडे सरांचं पुस्तक आलं. कॉलेजच्या सभागृहात प्रकाशन झालं. स्वप्नं मोडणारे हात, त्यांची नावं, वैद्याचे पाहुणे, स्टेशनमास्तरचा शिक्का, सगळं होतं. फक्त मॅडमचा राग काढून टाकला होता आणि त्या जागी नियती घातली होती. आणि एक अख्खं प्रकरण होतं, 'डाळिंब : आशेचे रक्तवर्णी प्रतीक'.

मॅडमनी ते प्रकरण स्टाफरूममध्ये उभ्याउभ्या वाचलं. ग्रंथालयाचे शिपाई सिद्राममामा तिथं होते, त्यांनी मला नंतर सांगितलं. "मॅडम हसाय लागल्या. लई हसल्या. डोळ्याला पदर लावला. मला वाटलं हसून पाणी आलं. मग बगतो तर हसणं थांबलं, पाणी थांबंना."

सिद्राममामांनी आणखी एक काम केलं. पुस्तकं देण्याघेण्याचं रजिस्टर काढून मॅडमसमोर ठेवलं. "ह्ये बगा की. सर हितं आल्यापासून ती कादंबरी त्यांनी एकदाबी नेली न्हाय."

त्या महिन्यात दोन गोष्टी झाल्या. पुण्याहून मॅडमचं हस्तलिखित परत आलं. सोबत पत्र, की याच मांडणीचं पुस्तक नुकतंच प्रसिद्ध झालं आहे, आपलं लेखन त्यावर बेतलेलं दिसतं, असं करणं आपल्याला शोभत नाही. आणि मॅडम प्राचार्यांकडे गेल्या. त्यांनी सांगितलं, की हे माझं आहे, पुरावा डाळिंब. कादंबरीत डाळिंब नाहीच.

प्राचार्यांनी विचारलं, "म्हणजे मॅडम, तुम्ही वर्गात मुद्दाम खोटं शिकवता?"

झालं. तिथून पुढं चौकशी कुणाची होणार, हे दिसायला लागलं. नोकरीवर घर होतं. आई अंथरुणावर होती. मॅडम गप्प बसल्या.

मला त्यांनी शोधून काढलं हजेरीपटावरून. शेवटच्या तासाला तिघी गैरहजर. दोघींच्या वह्या पाहिल्या, त्यांत ओळीच्या ओळी सुटलेल्या. शब्दन्‌शब्द उतरवून घेण्यासारखी वही एकीचीच.

"तू दिलीस?"

"सरांनी मागितली, मॅडम."

"कादंबरी वाचलीयस?"

मी खाली बघितलं. आम्ही दोघी एकाच पट्ट्यातल्या, आमच्या दोघींच्या घराबाहेर कानडी. रागावण्याऐवजी त्या हळूच कानडीत म्हणाल्या, "ओदु." वाच. एवढंच. मी मान हलवली. वाचली नाही. पहिला वर्ग मिळाला.

त्यानंतर ते झाड वाढत गेलं. सरांच्या पुस्तकावरून गाईडं निघाली. गाईडांवरून प्रश्न निघाले. 'डाळिंबाच्या झाडाचे प्रतीक स्पष्ट करा. गुण पाच.' मॅडम पेपर तपासायला बसायच्या आणि समोर गठ्ठाच्या गठ्ठा, प्रत्येकात डाळिंब. काही मुलांनी तर फळंही धरवली होती. नमुना उत्तरात आहे म्हणून पाच गुण द्यावे लागायचे. त्या द्यायच्या. पण असा प्रत्येक छापील कागद, गाईडाचं पान, प्रश्नपत्रिका, वर्तमानपत्रातला लेख, कापून ठेवायच्या. त्याच पट्ट्यांच्या कापडाच्या पिशवीत.

"कायकू जमवता आपा?" त्यांचा भाचा विचारायचा.

"वाढू दे," त्या म्हणायच्या. "जितकं उंच जाईल, तितकं पडताना जोरात पडेल."

निवृत्त झाल्यावरही पिशवी फुगतच राहिली. झाड पडलं नाही. पाडायला कुणीतरी लागतं, आणि मॅडम थकल्या.

आता त्या रविवारचं सांगते.

दोनशे रोपं मोहोळच्या रोपवाटिकेतून आली. प्रत्येक रोपाला शुभेच्छांची चिठ्ठी बांधायची, असं आयोजकांचं म्हणणं होतं. चिठ्ठ्यांचं काम मी माझ्याकडे घेतलं. कार्यालयाच्या मालकांना विचारलं नाही. चिठ्ठीवर छापून घेतलं, 'हे झाड कादंबरीत कोणत्या पानावर आहे? सापडल्यास कृपया व्यासपीठावर येऊन दाखवावे. खैरुन्निसा नदाफ मॅडमची एक विद्यार्थिनी.' आणि प्रवेशद्वाराशी, अत्तरदाणी आणि गुलाबपाण्याच्या शेजारी, पट्ट्यांच्या कव्हरच्या चार प्रती ठेवल्या. त्या मॅडमनी मला पिशवीबरोबर दिल्या होत्या.

त्याआधी मी कादंबरी वाचली होती. मॅडम गेल्यावर. तीन रविवार लागले. हातात पेन्सिल घेऊन वाचली. एक तुळस आहे, एक बाभूळ आहे, वैद्याच्या दारात शेवगा आहे. डाळिंब नाही.

शाल, श्रीफळ, दोन भाषणं होईपर्यंत कुणी चिठ्ठ्या वाचल्या नाहीत. मग मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. दोन निवृत्त शिक्षिका उठून दाराशी गेल्या आणि प्रत घेऊन उभ्याउभ्याच चाळायला लागल्या. एक पोक्त गृहस्थ दुसरी प्रत घेऊन पंख्याखाली बसले. कुणीतरी एक प्रत आणि एक चिठ्ठी व्यासपीठावर पोचवली. सर चिठ्ठी वाचताना मी त्यांच्याकडे बघत होते. हे बघण्यासाठी मी तिथं उभी होते आणि ते मला मिळालं. त्यांनी पुस्तक उघडलं. शेवटचं प्रकरण काढलं. पानं पुढं केली, मागं केली. मग चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा पानं. त्या पुस्तकात आपण कधी गेलोच नव्हतो, हे त्यांच्या बोटांनी सगळ्यांसमोर सांगितलं. ओळखीच्या घरात माणूस असं चाचपडत नाही.

शेवटी ते माइकवर आले. डोळे मिटून म्हणाले, "जुन्या ग्रंथांच्या आवृत्त्यांमध्ये पाठभेद असतात."

पहिल्या रांगेतून, खुर्चीच्या हातावर जोर देऊन, सिद्राममामा उठले. वय ऐंशीच्या पुढं. मी त्यांना रिक्षा पाठवून बोलावलं होतं. "सर, मग कुटल्या आवृत्तीत हाय तेवढं सांगा की. मी रजिस्टरला लिवून ठिवतो."

मागे कुणीतरी हसलं. मग आणखी कुणी. सरांनी पाणी मागितलं. पाण्याचा ग्लास मीच नेऊन दिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओळखलं नाही. मी म्हटलं, "सर, माझी वही फार नीटनेटकी होती." मग ओळखलं.

जेवणं झाली. लोक रोपं घेऊन घरी गेले. कार्यालयाच्या मालकांनी मला दुसऱ्या दिवशी समज दिली, ती मी उभ्यानं ऐकून घेतली. मला समाधान झालं का? झालं. रविवार, सोमवार आणि मंगळवारचा अर्धा दिवस झालं.

मग आठवलं, की मॅडमचं पुस्तक अजूनही कुठंच नाही.

ते कसं गेलं, हे सांगायचं मी टाळत आले. परत आलेलं हस्तलिखित मॅडमनी एका लोडात घालून शिवून टाकलं होतं. वरून कापूस, मध्ये कागद. गादीवाल्याच्या मुलीला दुसरी तिजोरी ठाऊक नव्हती. त्या लोडाला टेकून त्या बसायच्या, आणि हे फक्त मला माहीत होतं. "मी गेले की हा तू ने," त्यांनी सांगितलं होतं. त्या गेल्या ती ऐन लग्नसराई होती. मी मातीला जाऊन आले आणि वहीत लिहिलं, 'मॅडमचा लोड आणणे.' दुसऱ्या दिवशी दोन लग्नं होती. ती ओळ मी पुढच्या दिवसाच्या पानावर नेली. मग त्याच्या पुढच्या. अकरा दिवस ती एका पानावरून दुसऱ्या पानावर जात राहिली, दरवेळी सुवाच्य अक्षरात. बाराव्या दिवशी गेले, तर भाचा म्हणाला, "बिस्तर तो दे दिये जी. मय्यतचा बिस्तर घरात ठेवत नाहीत. कुणी फकीर आला होता, त्याला दिला. क्यों? कुछ था क्या उसमें?"

मी शोधलं. दर्ग्याजवळ, स्टेशनबाहेर, सिद्धेश्वर तलावाच्या बाजूला. पट्ट्यांच्या कापडाचा लोड दिसतो का, म्हणून आजही नजर जाते. त्या कागदांवर टेकून कुणीतरी बसलेलं असेल, किंवा ते कापसासकट पिंजले गेले असतील.

मॅडमना मी शेवटचं पाहिलं ते त्या जाण्याआधी तीन आठवडे. दुपारची वेळ. भवानी पेठेतल्या त्यांच्या घरात त्या लोडाला टेकून बसल्या होत्या. आवाज बारीक झाला होता, घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत घसरत होतं. त्यांनी पिशवी माझ्यापुढं सरकवली, चार प्रती दिल्या. लोडही आजच नेते, म्हटलं, तर म्हणाल्या, "नक्को. पाठीला लागतो." मग पिशवीतून एक वही काढून दिली. पहिल्या पानावर शीर्षक होतं, 'कुणी मोडलं?' भागूचं नव्हे. त्यांचं स्वतःचं.

हरणखेडे, न वाचता घेतलं. प्रकाशक, न विचारता ठरवलं. प्राचार्य, ऐकून गप्प बसले. चौथं नाव माझं होतं. वंदना बिराजदार, न वाचता दिलं. आणि पाचवं, खैरुन्निसा नदाफ, वेळेत ओरडले नाही.

मी चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. मग विचारलं, "मॅडम, माझं नाव खोडता येईल का?"

"नाही," त्या म्हणाल्या. लगेच. विचारही न करता.

मग भाच्याच्या बायकोला हाक मारून त्यांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी मागवली आणि ताट माझ्याकडे ढकललं. "जेव. यादीत नाव आहे म्हणून उपाशी कशाला जातेस? मी काय भागू आहे, गोड बोलून क्षमा करायला? नाव राहील. आणि तू येत राहशील. दोन्ही राहील." चटणी तिखट होती. त्या माझ्या डोळ्यांकडे बघून म्हणाल्या, "तिखट आहे की नाटक आहे?"

"तिखट आहे."

"मग पाणी पी. आणि ओदु."

निघाले तेव्हा त्या भिंतीला धरत दारापर्यंत आल्या. गल्लीच्या टोकाला वळून पाहिलं, तर अजून तिथंच उभ्या होत्या. माझ्याकडे बघत नव्हत्या. कोपराकडे घसरलेलं घड्याळ त्यांनी ओढून मनगटावर आणलं होतं आणि मनगट उलटं करून डोळ्यांजवळ धरलं होतं, पेपर गोळा करायच्या आधी धरायच्या तसं.

त्या वहीत सहावी ओळ मी लिहिली आहे. वंदना बिराजदार, लोड आणला नाही. पत्ता, सात रस्ता.